अंडाशयाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यानंतर आहार आणि व्यायाम: आईसाठी विचारणा

गिरगावची_लेक

नमस्कार. माझ्या आईचे वय ५८ आहे. गेल्या वर्षी पोट फुगते आणि चार घासांतच भरल्यासारखे वाटते, अशा तक्रारीवर आम्ही दोन महिने आम्लपित्ताची औषधे घेत राहिलो. शेवटी सोनोग्राफीत पोटात पाणी झाल्याचे दिसले आणि अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. अवस्था तिसरी होती. आधी केमोच्या तीन सायकल, मग मोठी शस्त्रक्रिया (गर्भाशय, दोन्ही अंडाशये, आतड्यांवरचा चरबीचा पडदा आणि काही लसिकाग्रंथी काढल्या) आणि त्यानंतर पुन्हा तीन सायकल, असे उपचार एप्रिलअखेर संपले. सीए-१२५ (या आजारावर लक्ष ठेवण्यासाठीची रक्ततपासणी) आता मर्यादेत आहे आणि आजार परत येणे लांबावे म्हणून दिलेल्या ओलापॅरिबच्या गोळ्या रोज दोन वेळा सुरू आहेत.

उपचार चालू असताना काय करायचे हे दर तीन आठवड्यांनी कोणीतरी सांगत होते. आता मात्र "सगळे खा, हिंडा-फिरा" एवढेच सांगून घरी पाठवले आहे आणि त्या एका वाक्याचा अर्थ घरातला प्रत्येक जण आपापल्या परीने लावत आहे. मावशीने साखर आणि दूध पूर्ण बंद करायला सांगितले आहे. एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्याकडचा एकवीस दिवसांचा फळे-भाज्यांच्या रसाचा कार्यक्रम सुचवला असून त्याचे पैसेही आगाऊ मागितले आहेत. वडिलांचे म्हणणे असे की, तिचे वजन आधीच ५० किलोवर आले आहे, तर तिला तूप-लाडू खाऊ घालावेत. आणि शेजारच्या काकूंना तिचे पोट सुटलेले दिसते, म्हणून त्या तिला भात सोडायला सांगतात. त्यात आता श्रावण लागेल. आई श्रावणात अंडी आणि मासे खात नाही, शिवाय सोमवार आणि शनिवार धरते.

दुसरा प्रश्न चालण्याचा. आम्ही चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि जिना लाकडी व उभा आहे. पावसात तो ओला असतो. जिना चढताना तिला धाप लागते. तिच्या तळपायांना आणि बोटांना सतत मुंग्या असतात. परवा कोथिंबीर निवडायला बसली तेव्हा देठ कोणता आणि पान कोणते हे बोटांना कळेना, म्हणून डोळ्यांनी पाहून एकेक काडी वेगळी करत होती. गेल्या आठवड्यात तर जिना उतरून खाली आली तेव्हा एकाच पायात चप्पल होती, दुसरी दोन पायऱ्या वर राहिली होती आणि ते तिला जाणवलेच नव्हते. तेव्हापासून ती खाली उतरायचेच टाळते.

तेव्हा विचारायचे आहे ते असे: आहार आणि व्यायाम यांचा या आजारानंतर खरोखर किती उपयोग होतो, आणि कशासाठी? आजार परत येऊ नये म्हणून, की आता जे त्रास उरले आहेत त्यांच्यासाठी? या मार्गाने गेलेल्या कोणी असतील तर कृपया सविस्तर लिहावे.

कट्ट्यावरची_मी

ताई, मी त्या मार्गाने गेले आहे. मला ४६व्या वर्षी हाच आजार झाला, आता पाच वर्षे झाली. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर आधी देते: मी जे खाते आणि जेवढे चालते त्याने आजार दूर राहिला आहे असे मी कधीही म्हणणार नाही, कारण माझ्याच वॉर्डातल्या, माझ्यापेक्षा शिस्तीने वागणाऱ्या एका मैत्रिणीचा आजार दीड वर्षात परत आला. मात्र उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मी जी अंथरुणाला खिळले होते, त्यातून मला चालण्यानेच बाहेर काढले, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तो थकवा ज्याने अनुभवला नाही त्याला समजावणे कठीण असते. दिवसभर काम केल्यानंतरचा थकवा झोपेने जातो, हा जात नाही. दहा तास झोपून उठले तरी केस विंचरायला हात वर उचलवत नसत. आराम कर, आराम कर, असे सगळे सांगत आणि मी जितका आराम करी तितकी अधिक गळून जाई. शेवटी माझ्या डॉक्टरांनी सांगितले की घरातल्या घरात सहा मिनिटे, दिवसातून तीन वेळा चालायचे आणि ते घड्याळ लावून चालायचे. आमच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीपासून पुढच्या दारापर्यंत अठरा पावले होतात. मी तीच मोजत असे. दोन महिन्यांनी शिवाजी पार्कला पहिली पूर्ण फेरी मारली, जी सव्वा किलोमीटरलाही थोडी कमीच भरते. त्या दिवशी तिला पस्तीस मिनिटे लागली आणि मध्ये कट्ट्यावर चार वेळा बसावे लागले. आज तीन फेऱ्या होतात.

आता खाण्याविषयी एक गोष्ट सांगते, जी मला कोणी आधी सांगितली असती तर फार बरे झाले असते. कर्करोग म्हटले की जो तो पालेभाज्या, कडधान्ये, कोंडा असलेले धान्य यांचा जप करतो. मीही केला. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात, एका पावसाळी संध्याकाळी, दुपारच्या जेवणात गवारीची भाजी आणि मटकीची उसळ झालेली असताना मी कट्ट्यावर बसून अख्खे भाजलेले कणीस खाल्ले. रात्री पोटात पिळवटून कळा येऊ लागल्या, पोट ढोलासारखे ताणले, उलट्या सुरू झाल्या आणि वारा सरणेही बंद झाले. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आतून चिकटलेल्या भागामुळे आतडे एका ठिकाणी अरुंद झाले होते आणि कणसाचे न चावलेले दाणे तिथे अडकले होते. नाकातून नळी घालून चार दिवस रुग्णालयात काढले. नशीब म्हणून पुन्हा पोट उघडावे लागले नाही.

तेव्हापासून माझे नियम वेगळे आहेत. भाजी खाते, पण सोललेला दुधी, लाल भोपळा, बिया काढलेले पडवळ, गाजर, तेही चांगले शिजवून. गवार, शेवग्याच्या शेंगा, फणस, कणीस, अळूचे देठ, संत्र्याच्या फोडींवरचे पापुद्रे हे सोडले आहे. पालक चालतो, पण बारीक चिरून आणि वरणात शिजवून. थोडे थोडे पाच-सहा वेळा खाते आणि म्हातारीसारखे चावून खाते, यावरून घरात माझी थट्टाही होते. तुमच्या आईला पोटात कळा, गुरगुर किंवा फुगणे यांपैकी काही नसेल तर एवढे पथ्य लागणारही नाही. पण कोणीतरी उत्साहाने कोंड्याच्या पोळ्या आणि कच्च्या भाज्यांच्या वाट्या समोर ठेवण्याआधी सर्जनना एकदा नक्की विचारा. आणि मी वर लिहिलेली लक्षणे एकत्र दिसली, तर ओवा-हिंग करत सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा.

आहारतज्ज्ञ_ठाणे

मी आहारतज्ज्ञ आहे आणि गेली बरीच वर्षे कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करते. वरच्या ताईंनी आतड्याच्या अडथळ्याबद्दल जे लिहिले ते मी स्वतः पहिल्या ओळीत लिहिले असते. अंडाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया सगळ्या पोटभर होते, त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाला दिलेला आहाराचा कागद जसाच्या तसा इथे वापरता येत नाही.

तुमच्या घरातल्या मतभेदांत वडील आणि काकू दोघेही वजनाकडे पाहत आहेत, आणि दोघांचीही थोडी फसगत होते आहे. या आजारात काटा खोटे बोलतो. निदानाच्या वेळी पोटात पाणी असते, त्यामुळे वजन टिकून राहिल्यासारखे दिसते आणि त्याच काळात दंड, मांड्या, खांदे यांचे स्नायू झिजत असतात. पाणी गेले की वजन एकदम उतरते. पुढे भूक परतल्यावर जे वजन वाढते, ते हालचाल नसेल तर चरबीचे असते आणि पोटाभोवती जमते. त्यातच मधल्या लांब छेदामुळे पोटाची भिंत सैल झालेली असते. म्हणून आईचे पोट सुटलेले दिसते आणि तरीही ती अशक्त आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. भात बंद करून किंवा लाडू वाढवून यातले काहीच सुटत नाही. कमी पडले आहेत ते स्नायू, आणि त्यांना प्रथिने व हालचाल दोन्ही लागतात. एकाशिवाय दुसरे वाया जाते. (मात्र पोट अलीकडे काही आठवड्यांतच भराभर वाढले असेल, तर ते आहाराचे प्रकरण नाही, डॉक्टरांना तातडीने दाखवा.)

युरोपातील रुग्णपोषण तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस कर्करोगाच्या रुग्णासाठी दर किलो वजनामागे दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त, शक्य असल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने अशी आहे. मूत्रपिंडाचे काम ठीक असेल, तर आईसाठी आपण सुमारे ६० ग्रॅम धरू. आपल्या घरातल्या साध्या शाकाहारी ताटात सहसा ३५ ते ४० ग्रॅमच भरतात, कारण वरण पातळ असते आणि पोळी-भात जास्त असतो. श्रावणाचा प्रश्न त्यामुळे खरा आहे, पण सुटण्यासारखा आहे. सकाळी ५० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी केली तर १२ ग्रॅम मिळाले; दुपारी वाटीभर घट्ट वरणात ६-७ आणि मोठ्या वाटीभर दह्यात तेवढेच; संध्याकाळी ५० ग्रॅम पनीर म्हणजे ९; रात्री डाळ जास्त घातलेली मऊ खिचडी आणि झोपण्यापूर्वी कपभर दूध. दुपारच्या भाकरीतले आणि भातातले धरून हे साठच्या आसपास पोहोचते. नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून द्या, कारण नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सत्त्व काढताना कोंडा गाळला जात असल्याने आतड्याला त्रास होत नाही, मात्र कॅल्शियमही काही प्रमाणात कमी होते, म्हणून त्यासोबत दूध हवेच. अंडाशये काढल्यानंतर हाडांची झीज वाढते, त्यामुळे ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि हाडांच्या घनतेचा स्कॅन याविषयी पुढच्या भेटीत विचारावे.

उपवासाबद्दल मी स्पष्टच लिहिते. साबुदाण्यात प्रथिने नावालाही नसतात. आठवड्यातून दोन दिवस साबुदाणा आणि बटाटा यांवर काढणे हे आईच्या आजच्या स्थितीत परवडणारे नाही. श्रद्धेला धक्का लावायचा नसेल तर राजगिऱ्याची लापशी, दूध, दही, पनीर, शेंगदाण्याची पातळ आमटी आणि भगर असा उपवास करता येईल. गोळ्या मात्र उपवासाच्या दिवशीही वेळेवरच घ्यायच्या.

आता मावशींची साखर. कर्करोगाच्या पेशी साखर वापरतात हे खरे आहे, पण शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते. आणि आपण ती खाणे पूर्ण थांबवले तर यकृत स्नायूंमधली प्रथिने मोडून ती स्वतः तयार करते. म्हणजे आजाराची उपासमार होत नाही, आईच्या दंडाची होते. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. चहात चमचाभर साखर असू द्या. रोजची मिठाई आणि सरबते टाळा, पण ते सगळ्यांनीच टाळायचे आहे. दूध बंद करण्याला मला काहीच आधार दिसत नाही, उलट श्रावणात तोच तिचा मुख्य आधार आहे. दुधाने पोट फुगत असेल तर दही-ताक द्यावे.

रसाचा कार्यक्रम घेऊ नका. एकवीस दिवस जवळजवळ शून्य प्रथिने हे निरोगी माणसालाही दुबळे करील. एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून सांगते: ओलापॅरिब सुरू असताना ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे, कारण यकृतातले जे विकर (एन्झाइम) हे औषध मोडते त्याला ते फळ अडवते आणि रक्तातले औषधाचे प्रमाण वाढते. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसे येत नाही, पण पपनस त्याच कुळातले आहे आणि गणपतीच्या दिवसांत दादरच्या बाजारात त्याचे ढीग लागतात. प्रसादाचे म्हणूनही ते देऊ नका. हळद, आले, लसूण स्वयंपाकात जेवढे पडते तेवढे खुशाल असू द्या. त्यांच्या किंवा अश्वगंधासारख्या वनस्पतींच्या कॅप्सूल मात्र कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका.

निसर्गमित्र

आपण सर्व जण औषध कंपन्यांची भाषा बोलत आहात असे खेदाने म्हणावेसे वाटते. माझ्या काकांनी गव्हांकुरांचा रस आणि संपूर्ण साखरबंदी यांवर कर्करोगावर मात केली. निसर्गात सर्व उत्तरे आहेत.

आहारतज्ज्ञ_ठाणे

काकांना बरे वाटते आहे याचा आनंद आहे. त्यांचा कर्करोग कोणता होता आणि शस्त्रक्रिया किंवा केमो झाली होती की नाही, हे लिहिलेत तर बोलता येईल. ओलापॅरिबच्या गोळ्यांमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात आणि अशा माणसाला कच्च्या, मातीत वाढवलेल्या पानांचा न उकळलेला रस देताना जंतुसंसर्गाची भीती असते, एवढेच इथे नोंदवते.

गिरगावची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. कणसाची हकिगत वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे परवाच कणसे आणली होती. आईला अधूनमधून पोटात गुरगुर होते, त्यामुळे सर्जनना विचारीपर्यंत कच्चे आणि चिवट सगळे बंद केले आहे. चालण्याबद्दल मात्र अजून धीर होत नाही. मुंग्या असताना चालवले तर पडेल, आणि न चालवले तर वर ताई म्हणाल्या तसा थकवा वाढेल. शिवाय धापेचे काय करावे? वडिलांनी बीट आणि खजूर सुरू केले आहेत. कोणी फिजिओथेरपिस्ट असतील तर कृपया लिहावे.

फिजिओ_पार्लेकर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धापेपासून सुरुवात करतो, कारण ती सोडवल्याशिवाय बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

ओलापॅरिबचा एक चांगलाच परिचित दुष्परिणाम म्हणजे रक्तक्षय. या गोळ्या अस्थिमज्जेतल्या रक्त तयार होण्यावरच परिणाम करतात, त्यामुळे तो लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असतोच असे नाही आणि बीट-खजुराने तो भरून निघत नाही. सवय गेली म्हणून धाप लागते आहे असे गृहीत धरून आईला जिना चढ-उतर करायला लावू नका. आधी रक्ताची तपासणी करून हिमोग्लोबिन पाहा. कमी असेल तर डॉक्टर काही दिवस गोळी थांबवतील, मात्रा कमी करतील किंवा रक्त देतील. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नातेवाइकाला सांगतो: या आजारात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली किंवा बसल्या जागी धाप लागून छातीत दुखले, तर व्यायाम, मालिश, शेक यांतले काहीही न करता तडक रुग्णालय गाठायचे. लसिकाग्रंथी काढल्यामुळे येणारी सूज निराळी असते. ती सहसा हळूहळू, संध्याकाळी वाढणारी आणि फारशी न दुखणारी असते, आणि तिच्यासाठी चालणे उलट चांगले. पण घरच्या घरी दोन्हींतला फरक ठरवू नये.

आता मुंग्या. केमोत सहसा कार्बोप्लॅटिनसोबत दिल्या जाणाऱ्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा हा परिणाम असून टोकाच्या लांब नसांना तो आधी धरतो, म्हणून तळपाय आणि बोटे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी अंडाशयाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या १४४ स्त्रियांना दोन गटांत विभागून एक अभ्यास केला होता. एका गटाला सहा महिने दर आठवड्याला फोन करून मार्गदर्शन दिले जाई आणि आठवड्याला १५० मिनिटे, प्रामुख्याने भरभर चालण्याचे, उद्दिष्ट होते. दुसऱ्या गटालाही फोन येत, पण ते आरोग्याची सर्वसाधारण माहिती देणारे. चालणाऱ्या गटात शारीरिक क्षमतेची स्थिती सुधारली आणि थकवा कमी झाला, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०२३ मध्ये त्याच स्त्रियांच्या नोंदी पुन्हा तपासल्या असता मुंग्या आणि बधिरपणा यांच्या तक्रारींतही चालणाऱ्या गटात सुधारणा दिसली. मला यातली महत्त्वाची बाब अशी वाटते की या स्त्रिया आधी व्यायाम करणाऱ्या नव्हत्या, त्यांना कोणत्याही जिममध्ये नेले नव्हते आणि सगळे काम फोनवर झाले.

आजार परत येण्याविषयी तुम्ही सरळ विचारले होते, म्हणून सरळ उत्तर देतो. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात केमोनंतर तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम केलेल्या गटात पाच वर्षांनंतर आजाराविना असलेल्यांचे प्रमाण ८० टक्के आणि फक्त माहितीपुस्तिका दिलेल्या गटात ७४ टक्के होते. ती बातमी मोबाइलवरून सर्वत्र फिरते आणि लोक ती सगळ्या कर्करोगांना लावतात. पण तो आजार वेगळा, त्याचा पसरण्याचा मार्ग वेगळा. आईच्या आजाराला तो आकडा लावणे योग्य नाही. तिने चालायचे ते थकवा, पाय, हाडे आणि झोप यांच्यासाठी. तेवढे कारण पुरेसे आहे, आणि उद्या आजार परत आलाच तर "मी कमी चालले म्हणून" हे ओझेही तिच्या डोक्यावर राहत नाही.

प्रत्यक्षात कसे करावे? हिमोग्लोबिनचा अहवाल पाहून डॉक्टरांनी होकार दिल्यावर चाळीच्या गॅलरीपासून सुरुवात करा. एका बाजूला कठडा असलेली सपाट, लांब गॅलरी ही ब्लॉकमध्ये राहणाऱ्या माझ्या रुग्णांना न मिळणारी सोय आहे. पावसाचे झोत येत नसतील अशी वेळ निवडा, सकाळी धुणे झाल्यावर फरशी ओली असते तेव्हा नको. पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा. बोलता येईल पण गाता येणार नाही एवढा वेग. आठवड्याला प्रत्येक वेळेत एक-दोन मिनिटे वाढवा. तीस मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस एवढे झाले तरी थकव्यावर परिणाम दिसतो असे कर्करोग आणि व्यायाम या विषयावरच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात. दीडशे मिनिटांचा आकडा पहिल्याच महिन्यात डोळ्यांसमोर ठेवू नका.

चालण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते पायांचे बळ. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे, सुरुवातीला पाच वेळा. मग ओट्याला धरून टाचा उचलणे. त्यानंतर ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर दहा सेकंद, कोणीतरी जवळ उभे असताना. तोल सांभाळण्याचा सराव मुंग्या असलेल्या माणसाला सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण पायाकडून येणारी खबर कमी झाली की शरीराला डोळे आणि स्नायू यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. म्हणूनच अंधारात चालू नये. रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा असावा. घरातही अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत, कारण खडा टोचलेला किंवा चटका बसलेला कळत नाही. सपाता आणि अंगठ्याच्या चपला कपाटात टाका आणि मागे पट्टा असलेली, घट्ट बसणारी चप्पल घ्या.

पोटाच्या छेदाला सहा महिने झाले असले तरी पाण्याने भरलेल्या बादल्या उचलायच्या नाहीत, आणि पाठीवर झोपून उठाबशा किंवा दोन्ही पाय एकदम उचलण्याचे आसन करायचे नाही. छेदाच्या जागी हर्निया होऊ शकतो. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. कपालभाती सध्या नको, अनुलोम-विलोम चालेल. खोकताना छेदाजवळ फुगवटा दिसला तर दाखवून घ्यावे.

कट्ट्यावरची_मी

यात एक जोड देते. मला बोटांचा बधिरपणा दीड वर्ष होता. हात भाजू नये म्हणून चहाचे भांडे मी पकडीऐवजी जाड फडक्याने दोन्ही हातांनी धरत असे, आणि सांडशीची पकड सुटते हे दोनदा अनुभवले. आईंना गॅसजवळ काही महिने एकटे सोडू नका. तपासणीला लोकलने जात असाल तर दिव्यांगांसाठीच्या राखीव डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो; कागदपत्रे जवळ ठेवा, कारण डब्यातले लोक विचारतात आणि केस पुन्हा आले की आपण रुग्ण दिसत नाही.

गिरगावची_लेक

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. डॉक्टरांनी गोळ्या काही दिवस थांबवल्या, नंतर कमी मात्रेने सुरू केल्या आणि परवाच्या तपासणीत ते ९.६ आले आहे. सर्जननी कोंडा आणि चिवट भाज्या कमी ठेवायला सांगितले, बाकी सगळे चालेल म्हणाले. रसाच्या बाईंना नकार कळवला. मावशीशी वाद घातला नाही. दही दिल्यावर ती काही बोलत नाही, बहुधा दही हे दूध आहे हे तिच्या हिशेबात नाही. सोमवारच्या उपवासाला राजगिरा आणि पनीर असते, शनिवार आईने स्वतःहून पुढच्या वर्षावर ढकलला.

गॅलरीत ती आता आठ मिनिटे, तीन वेळा चालते. पहिले चार दिवस शेजारी दारात उभे राहून चौकशी करत, त्यामुळे ती संकोचून आत येई. पाचव्या दिवसापासून भात सोडायला सांगणाऱ्या त्याच काकू तिच्याबरोबर चालू लागल्या. खुर्चीवरून उठणे सहा वेळा होते. मागे पट्टा असलेली चप्पल आणली आहे. काल पाऊस नव्हता म्हणून ती जिन्यापर्यंत गेली, वरच्या चार पायऱ्या उतरली आणि परत चढली. धाप कमी होती, पण उतरताना पाऊल नेमके कुठे पडते ते कळत नाही म्हणून मान खाली घालून एकेका पायरीकडे पाहत होती. असे करणे बरोबर आहे का?

फिजिओ_पार्लेकर

सध्या बरोबर आहे, डोळ्यांनी पाहूनच उतरू द्या. एका पायरीवर दोन्ही पाय आणायचे आणि मगच पुढची पायरी. ज्या पायाला मुंग्या जास्त आहेत तो उतरताना आधी खाली, चढताना नंतर वर. तुम्ही तिच्या पुढे, एक पायरी खाली राहा, मागे नको. प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाची पट्टी मारून घेता आली तर पाहा. लाकडी जिन्यावर कडा अंधारात मिसळून जातात. कठडा उतरताना कोणत्या हाताला येतो आणि मुंग्या कोणत्या हाताला जास्त आहेत, तेवढे कळवा.

गिरगावची_लेक

कठडा डाव्या हाताला येतो. मुंग्या उजव्या हाताला जास्त आहेत. पट्ट्यांसाठी आज चाळीच्या समितीला सांगते, नाही तर रविवारी मीच रंग आणते.